शाईची कणी

गेल्या शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर थोरल्या नातीने मला तिची प्रयोगशाळा दाखवली. काचेच्या चपट्या डबीत तपकिरी पाणी होतं. खालून चुंबक फिरवला की त्यात रेषा उमटत आणि चुंबक काढला की विरून जात. "आजी, यात लोखंडाचे अगदी बारीक कण तरंगतायत," ती म्हणाली. "आणि गंमत म्हणजे, ते गोल आहेत की लांबट, सुटे आहेत की गुंतलेले, यावरच सगळं ठरतं."

मी म्हटलं, "ठाऊक आहे मला. मी ते कर्जतच्या घरी, मागच्या दारी, पाट्यावर पाहिलंय."

त्याच कॉलवर घरून जोडलेला तिचा धाकटा भाऊ खो-खो हसला. पाटा म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. मग त्याची शाळेची बस आली आणि बोलणं तिथेच राहिलं. फोनवर मला काही सलग सांगता येत नाही, म्हणून हे बसून लिहिते आहे. आधी माणसं सांगते, मग ती शाई, मग काय झालं ते.

लग्न होऊन मी मुंबईहून कर्जतला आले तेव्हा माझ्याकडे रसायनशास्त्राची पदवी होती आणि चिखलात पाऊल कसं टाकायचं याची अक्कल नव्हती. सासरचं घर शेतकऱ्याचं. तुमचे आजोबा भिवपुरीच्या पॉवर हाउसमध्ये नोकरीला लागले होते. माझे दीर, म्हणजे भावोजी, चौकला हायवेवर गॅरेज चालवायचे. आणि सासूबाई चार खाचरं भात आणि आम्हा सगळ्यांना चालवायच्या. सून इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून पहिले काही महिने त्या माझ्याशी जरा मोठ्या आवाजात बोलत. जणू मला मराठी कमी ऐकू येतं.

पुढे साजगावच्या एका लहानशा कारखान्यात मला लॅबमध्ये काम मिळालं. तिथे लोखंडाच्या ऑक्साइडची भुकटी व्हायची. लाल भुकटी रंगवाल्यांकडे जायची. कोपऱ्यातल्या एका खोलीत काळी भुकटी तयार व्हायची, ती लोखंडातल्या चिरा शोधायला.

ते कसं, ते थोरलीला माहीत असेल, पण धाकट्यासाठी सांगते. समज, लोखंडाच्या जाड दांड्यात केसाएवढी चीर आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागत नाही. त्या दांड्याला चुंबक लावला की चुंबकाचा जोर दांड्यातून वाहू लागतो. वाटेत चीर आडवी आली की तो तिथे थोडासा बाहेर येतो, ओहोळात धोंडा आला की पाणी वर उसळतं तसा. त्याच वेळी वरून रॉकेलमध्ये कालवलेली काळी भुकटी, म्हणजेच आमची शाई, ओतली, तर बाकीची ओघळून जाते आणि चिरेवरची तेवढी धरून राहते. आधी दांड्याला पांढरा हात मारून ठेवलेला असतो. त्यावर काळी रेघ दिसते, काजळाची काडी फिरवावी तशी.

सूक्ष्मदर्शकाखाली ती भुकटी मी किती वेळा पाहिली असेल! कापलेल्या पेंढ्यासारखे कण, लांबट, दोन्हीकडे टोक असलेले. आमच्या लॅबचे साहेब म्हणायचे, "बाई, आपण इथे लोखंड विकत नाही, आकार विकतो." लांबट कणाची दोन टोकं एकमेकांपासून दूर असतात. त्यामुळे चुंबकाजवळ गेला की तो स्वतःच एक छोटा चुंबक होतो आणि पुढच्याच्या शेपटीला आपलं डोकं लावतो. मुंग्यांसारखी रांग लागते. गोल कणाला ना डोकं, ना शेपूट. चुंबक त्यालाही ओढतो, पण जोर कमी पडतो, आणि त्यांची रांग लवकर मोडते.

मात्र लांबट कणांचं दुखणंही त्या आकारातच असतं. पेंढ्याच्या भाऱ्यातून एक काडी ओढली तर चार सोबत येतात. तसे हे कण एकमेकांत गुंततात आणि डब्याच्या तळाशी त्यांच्या गाठी होतात.

आता गॅरेज. बोरघाट उतरून आलेले ट्रक चौकला थांबायचे. ड्रायव्हर ढाब्यावर जेवायचे आणि गाडीचं काही वाजत असलं तर भावोजींकडे यायचे. पुढच्या चाकाचं सगळं वजन एका लोखंडी खुंटावर असतं. गॅरेजवाले त्याला स्टब म्हणतात. घाटात तो तुटला तर चाक वेगळं आणि गाडी वेगळी. म्हणून भावोजी स्टब खोलून त्यावर मी कारखान्यातून आणलेली शाई ओतायचे. चुंबक तुमच्या आजोबांनी तांब्याची तार गुंडाळून करून दिला होता. रेघ उमटली की बघायला जमलेले ड्रायव्हर हळूच 'आयला' म्हणायचे. त्या शाईचं नावच पडलं होतं 'वहिनीची शाई'. "आधी वहिनीची शाई लावा, मग बोल्ट आवळा," असं अनोळखी ट्रकवाले सांगायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

भावोजींची तक्रार एकच होती.

"वहिनी, तुमच्या शाईत गाळ लई. पिचकारीचं तोंड बुजतं."

"वापरताना हलवत राहायची, भावोजी. दर वेळी."

"शाई हाय का खोकल्याचं औषध?"

"औषधच समजा."

"मग चमचाबी द्या सोबत," असं म्हणून ते बाटली घेऊन जायचे आणि मुळीच हलवायचे नाहीत.

त्या वर्षी माझी नणंद, म्हणजे तुमच्या बाबांची आत्या, बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं बाळ म्हणजे तुमचा पुण्याचा काका, ज्याच्या टकलावर धाकट्याने मागच्या खेपेला पेनाने चित्र काढलं. तेव्हा त्याला भरपूर जावळ होतं. तिचं सासर घाटावर, मावळात. बाळ मान धरायला लागलं तसा सासूबाईंनी भटजींना विचारून तिला पाठवायचा दिवस ठरवला. भावोजींच्या टेंपोतून जायचं. पाळणा, तांदळाची गोणी, डिंकाच्या लाडवांचा डबा, गोधड्या, सगळं पडवीत बांधून ठेवलेलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी माझा कारखाना अर्धा दिवस होता. दुपारी घरी आले तर सासूबाई मागच्या दारी पाटा घासत बसलेल्या. हा पाटा स्वयंपाकातला नव्हे. मिक्सर घरात आल्यावर जुना पाटा बाहेर गेला होता आणि त्यावर शिकेकाई, मेंदी असलं काय काय वाटलं जायचं. मी पाहिलं तर पाटा काळा, वरवंटा काळा, आणि सासूबाईंचे हात कोपरापर्यंत काळे. राख लावून त्या जोराने घासत होत्या.

"आई, हे काय वाटलंत?"

"तुजी शाई गं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"परवा तुजा दीर डबा घेऊन आला," त्या म्हणाल्या. "म्हनला, आई, यात गाठी हायत, निघत नाय. मी म्हटलं, आण इकडं. माज्या वरवंट्याखाली गाठ राहील व्हय? आज सकाळी तू गेल्यावर तीनदा वाटली. गंधासारखी झाली बघ."

हे खरं होतं. सासूबाईंच्या हाताची चटणी अख्ख्या आळीत नावाजलेली होती. मिक्सरची चटणी त्यांना कधी पटलीच नाही. बारीक वाटणं म्हणजे मन लावून वाटणं, असा घरातला कायदा होता. जाडंभरडं वाटून ठेवणारी बाई त्यांच्या मते आळशी.

तेवढ्यात भावोजी बाटली घेऊन आले आणि माझ्या डोळ्यांपुढे धरून उभे राहिले.

"बघा वहिनी. सकाळपासून हलवली नाय. तळाला कायबी बसलं नाय. तुमच्या सायबाला सांगा, आईला नोकरीवर ठेवा."

शाई खरोखरच देखणी झाली होती. बाटली तिरकी केली की काचेवर रेशमासारखी पसरायची. कारखान्यात आम्हाला ते इतकं साधलं नव्हतं.

"टेंपो याच शाईने तपासलात का?" मी विचारलं.

"मग? पहिला मान घरच्या गाडीला. दोनी स्टब चकाचक, एक रेघ नाय. चाकं बसवली, ग्रीस भरला. उद्या सकाळी निघायचं."

ओट्यावर नणंद पाय पसरून बाळाला तेल लावत होती. बाळ तिच्या पायांवर पालथं पडून हुंकारत होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. वाटलेली ही शाई चीर दाखवेल याची मला खात्री नव्हती. बोलायचं कसं? एका बाजूला सासूबाईंचा हात, ज्यावर त्यांचा सगळा अभिमान. दुसऱ्या बाजूला त्यांचीच लेक त्या टेंपोत बसणार. आणि सांगणारी कोण, तर शहरातली सून.

तोंडाने सांगण्यापेक्षा दाखवावं असं ठरवलं. आमच्या जुन्या विळीच्या पात्यात खुंटीजवळ चीर होती. दिसायची नाही, पण फणस कापताना पातं वेगळं वाजायचं, म्हणून सासूबाईंनीच ती बाद केली होती. ती काढली. आजोबांनी भंगारातल्या मीटरचा एक नालेच्या आकाराचा चुंबक घरी ठेवला होता, त्याची दोन टोकं चिरेच्या दोन बाजूंना टेकवली. पात्याला थोडा चुना फासला. आणि आधी सासूबाईंची शाई ओतली.

ती झरझर पसरली, ओघळली, खाली गेली. मागे नुसती राखाडी झाक उरली.

"चांगली हाय की विळी," भावोजी म्हणाले. "उगा अडगळीत टाकली."

"चांगली कशी रं?" सासूबाई कडाडल्या. "मी काय येडी म्हणून टाकली? पातं चिरलेलं हाय. माजा कान खोटं बोलतो व्हय?"

"मग शाई खोटी बोलते का?"

मी भावोजींचा जुना डबा मागवला. त्याच्या बुडाला न वाटलेला गाळ वाटीभर चिकटून राहिला होता. तो खरवडून एका भगुन्यात रॉकेलमध्ये टाकला, पण माझ्या काडीने गाठी सुटेनात. सासूबाईंनी तो भगुना माझ्या हातातून घेतला. बोटांच्या टोकांनी, गरम भाताचे गोळे मोकळे करावेत तशा त्यांनी त्या गाठी सोडवल्या. मी पातं पुसलं, पुन्हा चुना लावला आणि ती शाई ओतली.

खुंटीपासून पात्याच्या मध्यापर्यंत काळी रेघ उभी राहिली.

आता कारण सांगणं भाग होतं. कॉलेजात शिकलेले सगळे शब्द माझ्याजवळ होते, आणि त्यातला एकही तिथे चालणारा नव्हता. मग तोंडातून आपोआप आलं, "आई, हिची कणी झाली."

पोरांनो, कणी म्हणजे मोडका तांदूळ. भात फार वाळला की गिरणीत दाणा मधोमध मोडतो. तांदूळ तोच, चव तीच. कणीची पेज उत्तम होते, आजाऱ्याला तीच देतात. पण भात मोकळा होत नाही. पाहुण्याच्या पानात कणीचा भात पडला तर आमच्याकडे बाईला महिनाभर तोंड वर काढता यायचं नाही. या शब्दानंतर सासूबाईंना आणखी काही सांगावं लागलं नाही. त्या आपल्या काळ्या हातांकडे बघत राहिल्या.

"म्हंजे बारीक नाय झालं," त्या सावकाश म्हणाल्या. "मोडलं."

"हो. कण लांब होता म्हणून चिरेला धरत होता. आता तुकडे झाले."

त्यांनी मान वळवली. "गाडी खोल रं."

"आई, आत्ताच ग्रीस भरला हाय. चाकं..."

"आग लाव त्या ग्रीसला. तुजी बहीण बसनार हाय त्यात."

ओट्यावरून नणंद म्हणाली, "आणि माजं पोर काय चालत येनार हाय का?"

भावोजी मोटारसायकलवरून पुढे गेले. मी एसटीने निघाले, तर सासूबाई लुगडं बदलून दारात उभ्या. मीही येते म्हणाल्या. मांडीवर शाईचा भगुना, वर फडकं बांधलेलं. बसभर रॉकेलचा वास सुटला. शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावून म्हणाला, "मावशी, काय हाय यात?" "चटणी," सासूबाई म्हणाल्या आणि हसू लपवायला खिडकीबाहेर बघू लागल्या. त्या दिवसातलं त्यांचं ते एकच हसणं.

गॅरेजात पोहोचलो तेव्हा दोन्ही चाकं उतरवून झाली होती. उजवा स्टब पांढरा करून ठेवलेला. सासूबाई बोटांनी शाई ढवळत होत्या, मी ओतत होते. उजव्यावर काहीच उमटलं नाही. डाव्यावरही नाही. भावोजींनी फडक्याने हात पुसले.

"झालं समाधान, वहिनी? आता कोन चाकं बसवील? मीच."

मी त्यांचा चुंबक पाहिला. त्यांनी तो खुंटावर आडवा टेकवला होता. चीर चुंबकाच्या जोराच्या वाटेत आडवी आली तरच तो बाहेर येतो. चीरही त्याच दिशेने पळत असली तर तो तिच्या शेजारून गुपचूप निघून जातो.

"एकदा लांबीच्या बाजूने धरा," मी म्हटलं.

"वहिनी..."

"धर की रं," सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी धरला. मी ओतलं. जिथे खुंट जाड भागाला मिळतो तिथे, अर्ध्या बांगडीसारखी, काळी रेघ आली.

भावोजींनी ती पुसली आणि स्वतः पुन्हा शाई ओतली. रेघ पुन्हा तिथेच. पुन्हा पुसली, पुन्हा ओतली. मग शेजारच्या टायरवर बसले. रस्त्यावरून ट्रक जात होते, घाटाकडे जाणारे, घाटातून येणारे, आणि ते त्यांच्या चाकांकडे बघत होते. "खंडाळ्याच्या वळणावर..." एवढंच म्हणाले आणि थांबले.

"उद्या नाय जायचं," सासूबाई म्हणाल्या.

"भटजींनी दिवस काढलाय ना?" मी विचारलं.

"भटजी घाट चढवनार हाय व्हय टेंपो? दुसरा दिवस काढंल. त्याचं काय जातं."

गॅरेजातून निघताना भावोजींनी मला हळूच विचारलं, "मग आईची शाई फेकून देऊ?" मी नको म्हटलं. आमच्या कारखान्यातही नुसते लांबट कण कधी भरत नसत, त्यात थोडे गोल मिसळत. गोल कण पटकन घरंगळतात आणि अडून बसलेल्या लांबट कणांनाही सोबत पुढे नेतात. चिरेपाशी पोहोचल्यावर धरून राहायचं काम लांबट कणांचं. म्हणून सासूबाईंच्या शाईतली थोडी माझ्या शाईत घालायची, असं ठरलं. किती, ते भावोजींनी हाताने करून करूनच ठरवलं. पिचकारी पुन्हा कधी बुजली नाही. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे पेजेला लागली," आणि पाट्याचा विषय तिथे संपला.

नवा स्टब पनवेलहून यायचा होता. तो येईपर्यंत नणंद राहिली. बांधलेला पाळणा पुन्हा सोडून कडीला टांगला. लाडवांचा डबा उघडला आणि त्यातले निम्मे आम्हीच संपवले. मी साजगावहून परत यायचे तेव्हा घरात बाळाच्या तेलाचा, शेक-शेगडीतल्या ओव्याचा वास असायचा. नणंद आणि मी ओट्यावर बसून तिच्या सासरच्या गोष्टी हसत-हसत बोलायचो. सासूबाई आतून "काय खिदळता गं?" म्हणायच्या, आणि थोड्या वेळाने स्वतःच येऊन बसायच्या. ठरलेला दिवस टळल्याचं त्यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही. मला तर वाटतं, त्या मनातून खूश होत्या. बाळ त्या दिवसांत त्यांना ओळखून हसायला लागलं. वेळेवर गेलं असतं तर ते हसू घाटावर उमटलं असतं.

आजही संध्याकाळी ओट्यावर बसले की ते दिवस आठवतात. घर आता शांत असतं. तुमच्या कॉलची वाट बघते, तेवढाच आवाज.

मग स्टब आला. भावोजींनी तो बसवण्याआधी तीन वेळा शाई ओतली, चुंबक आडवा धरून, उभा धरून, तिरका धरून. आणि एका सकाळी टेंपो निघाला. सासूबाईंनी लेकीच्या ओटीत तांदूळ घातले, बाळाच्या कानामागे काजळ लावलं. टेंपो वळणावर दिसेनासा झाल्यावर त्या मागच्या दारी जाऊन बसल्या. हातात काहीही काम नाही, असं मी त्यांना तेव्हा प्रथमच पाहिलं.

"घाट चढले असतील का गं?" त्यांनी विचारलं.

"आत्ता कुठे खोपोलीला असतील, आई."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग पुन्हा. शेवटी मी घड्याळात न बघताच म्हटलं, "चढले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अंदाजाने बोलते आहे हे त्यांना कळलं असणार, पण त्यांनी ते चालवून घेतलं.

दिवस कलताना टेंपोचा आवाज आला. भावोजी उतरले. सासूबाई उठल्या, पण काही विचारेनात. भावोजींनीच चपला काढता काढता सांगितलं, "पोचवली. तुजा नातू घाटभर झोपून होता. एकदाबी डोळं उघडलं नाय."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "जेवलीस का गं?"

आम्ही दोघीही सकाळपासून जेवलो नव्हतो. त्यांनी चूल पेटवली आणि मी तांदूळ धुवायला घेतले.